तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड का तडकतं? सैनिकी प्रशिक्षणातल्या दुखापती, सोप्या भाषेत

पाय दुखतो म्हणणाऱ्या रिक्रूटच्या, म्हणजे सैन्यात नव्याने भरती झालेल्या पोराच्या, नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा ठेवा आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दाबत दाबत खाली न्या. दुखणं वीतभर पट्ट्यात पसरलंय, नेमकं कुठे ते बोटाने दाखवता येत नाही, पळायला लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ते कमी होतं आणि थांबल्यावर पुन्हा जाणवतं, असं असेल तर बहुधा हाडावरचं आवरण आणि तिथे चिकटलेले स्नायू चिडले आहेत. याला शिन स्प्लिंट म्हणतात. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा टेकताच पोरगा पाय मागे ओढत असेल, पळताना दुखणं वाढतच जात असेल आणि रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा जातोय असं धरूनच पुढचं पाऊल टाकावं. हा तडा म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर.

सैन्यात निवड होऊन ट्रेनिंग सेंटरला गेलेली मुलं पहिल्या काही आठवड्यांत दवाखान्यात जातात ती जास्त करून कमरेखालच्या दुखण्यांसाठी. गुडघा, नडगी, घोटा, पाऊल. यातली बहुतेक दुखणी पडून, आपटून एका क्षणात होत नाहीत, दिवसामागून दिवस साचत जातात. जे साचत जातं ते वेळीच थांबवताही येतं. तरीही दर तुकडीत काही मुलं लंगडत मागे पडतात, आणि त्यांना ‘कच्चा’ ठरवलं जातं. हे चुकीचं आहे आणि त्यापायी चांगली मुलं हातची जातात.

हे दुखणं नवं नाही. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांबची कूच करून आलेल्या सैनिकांची सुजलेली, दुखरी पावलं पाहून त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. आत नेमकं काय झालंय हे कळायला मार्गच नव्हता. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. दोनच वर्षांनी, 1897 मध्ये, श्टेखो नावाच्या डॉक्टरने त्या सुजेच्या खाली पावलाच्या लांब हाडांना गेलेले तडे दाखवून दिले. ‘मार्च फ्रॅक्चर’ हे नाव आजही चालतं. फरक एवढाच की आता हा तडा पावलापेक्षा नडगीत जास्त सापडतो, कारण चालण्याची जागा बरीचशी पळण्याने घेतली आहे.

उकरलेला रस्ता

हाड दगडासारखं कोरडं आणि कायमचं असतं असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याची सतत दुरुस्ती चालू असते. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट दणका परत येतो. 60 किलोच्या मुलाच्या एका पायावर दर टप्प्याला 120 ते 180 किलोंचा भार. या भाराने हाडात सूक्ष्म चिरा पडतात. त्या पडायलाच हव्यात, कारण त्यांच्यामुळेच हाडाला ‘इथे मजबुती लागणार आहे’ असा निरोप जातो.

मग दुरुस्ती सुरू होते, आणि ती आपल्याकडच्या रस्त्याच्या कामासारखी असते. आधी खराब भाग उकरून काढायचा, मग खडी-डांबर भरायचं. हाड उकरणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. उकरण्याचं काम साधारण तीन आठवड्यांत उरकतं. भरायला मात्र तीन महिने लागतात. म्हणजे नव्याने जोरात पळायला लागलेल्या माणसाचं हाड तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आधीपेक्षा पोकळ झालेलं असतं. रस्ता उकरलेला आहे, डांबर यायचंय, आणि वाहतूक तर रोज वाढतेय.

त्यात भर म्हणजे दम आणि स्नायू हाडापेक्षा फार लवकर तयार होतात. दोन-तीन आठवड्यांत श्वास लागेनासा होतो, मुलाला वाटतं आता जमायला लागलं, उस्तादांनाही (प्रशिक्षकांनाही) तसंच दिसतं, आणि वेग वाढतो. हाडाला काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. दमलेले स्नायूही दणका झेलायचं काम नीट करत नाहीत, तो सरळ हाडावर जातो. म्हणून दिवसाच्या शेवटी घातलेली धाव सकाळच्या धावेपेक्षा महाग पडते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक उस्तादाला आणि प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी. पहिले दोन-तीन आठवडे या तड्याचा एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो. भरण्याचं काम सुरू होऊन नवं हाड जमू लागलं की मगच तो दिसतो. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, चल पळ’ या वाक्याने जितकी हाडं पुरती मोडली असतील तितकी खड्ड्यात पाय पडूनही मोडत नसतील. शंका असेल तर एमआरआय करावा, तो खूप आधी सांगतो. तो होईपर्यंत अंगठ्याची तपासणी खरी मानून पळणं बंद करावं.

पाय सगळं मोजतो

प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात पळणं लिहिलेलं असतं, समजा सकाळी पीटीला 3 किलोमीटर. साधारण तीन हजार पावलं. आता बाकीचा दिवस पाहा. आपल्याकडच्या ड्रिलमध्ये ‘तेज चल’ म्हणजे मिनिटाला 120 कदम, प्रत्येक कदम 30 इंचांचा. 40 मिनिटांच्या ड्रिलच्या तासात निम्मा वेळ उभं राहण्यात गेला असं धरलं तरी 2400 पावलं होतात, तीही काँक्रीटच्या किंवा डांबरी परेड ग्राउंडवर, कडक तळाच्या बुटात. प्रत्येक ‘थम’ला आणि ‘सावधान’ला गुडघा उचलून टाच आपटायची ती वेगळीच. मग एका क्लासवरून दुसऱ्या क्लासला ‘दौड के चल’. मेसला जाताना धाव, येताना धाव. संध्याकाळी खेळ. आणि कुणाची चूक झाली की सगळ्या तुकडीला रगडा: पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल आणि मैदानाच्या फेऱ्या.

वेळापत्रकात यातले 3 किलोमीटरच दिसतात. पाय सगळं मोजतो. दुखापती कमी करायच्या तर पहिलं काम म्हणजे आठवड्याभराची सगळी धाव, चाल, ड्रिल आणि शिक्षा एकाच कागदावर मांडणं. त्यात काय उघड होतं ते ठरलेलंच आहे: पहिला आठवडा मोकळा जातो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकदम सगळं सुरू होतं, आणि चौथ्यात दवाखाना भरतो. शिक्षा बंद करा असं म्हणणं नाही. ती पायांवर नको. हाताच्या जोराच्या, धडाच्या व्यायामांनी दम काढता येतो, त्याने नडगीला काही होत नाही.

कदमांच्या लांबीचा प्रश्न थोडा खोलात जाऊन पाहायला हवा, कारण मुली आता या वाटेवर मोठ्या संख्येने येत आहेत. पुण्याच्या खडकवासल्यातल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून 2025 च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणींची. पाच फूट उंचीच्या मुलीने 30 इंचांचा कदम टाकायचा म्हणजे पाय ताणून टाकावा लागतो. टाच शरीराच्या फार पुढे पडते आणि दणका कमरेच्या हाडापर्यंत (पेल्व्हिसपर्यंत) जातो. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात महिला रिक्रूट्सच्या कमरेच्या हाडाला तडे जाण्याचं प्रमाण 11.2 टक्क्यांपर्यंत गेलं होतं. तिथे कूच करण्याचा वेग ताशी 7.5 किलोमीटरवरून 5 वर आणला, प्रत्येकीला आपल्या सोयीचा कदम टाकायची मुभा दिली, तुकडीत दोघींमधलं अंतर वाढवलं आणि पळण्याचं ओझं बदललं. प्रमाण 0.6 टक्क्यांवर आलं. हे आकडे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. औषध नाही, यंत्र नाही, फक्त चालण्या-पळण्याची रीत बदलली.

आपल्याकडे कदवार, म्हणजे उंचीप्रमाणे, उभं करताना ‘लंबा दाहिने, छोटा बाएं’ असतं. परेडसाठी ते ठीक आहे. पण लांबच्या चालीत बुटकी मुलं-मुली मागच्या टोकाला गेली की त्यांना पुढच्यांना गाठायला सारखं धावावं लागतं. रांग ताणते, आखडते, पुन्हा ताणते, आणि शेपटाकडचे अर्धा वेळ पळतच असतात. चालीचा वेग बुटक्यांनी ठरवावा, त्यांना पुढे ठेवावं. याला खर्च शून्य.

जांघेतलं दुखणं: इथे वाट पाहू नका

बहुतेक तडे सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येतात. एक जागा मात्र वेगळी आहे. मांडीचं हाड खुब्यात जिथे बसतं त्याच्या मानेला तडा गेला तर दुखणं जांघेत जाणवतं, कधी मांडीच्या पुढच्या भागात, कधी चक्क गुडघ्यात. मुलाला वाटतं जांघेतला स्नायू ओढला गेला. तो तेल लावतो, पट्टा बांधतो, पळत राहतो. मानेच्या वरच्या बाजूचा तडा पळता पळता पूर्ण मोडू शकतो आणि हाड सरकतं. मग खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. वीस वर्षांच्या मुलाला ऑपरेशन, आणि लष्करी सेवा बहुधा तिथेच संपते.

म्हणून पळणाऱ्या रिक्रूटच्या जांघेत दुखत असेल आणि वजन टाकल्यावर ते वाढत असेल, तर त्याच दिवशी पळणं बंद, कुबड्या आणि एमआरआय. एका पायावर उडी मारून बघण्याची तपासणी नडगीसाठी ठीक आहे, जांघेच्या दुखण्यात ती अजिबात करू नये. पावलाच्या मधल्या उंचवट्यावरचं दुखणं, करंगळीच्या बाजूच्या लांब हाडाच्या मागच्या टोकाशी होणारं दुखणं आणि नडगीच्या अगदी पुढच्या धारेवरचं दुखणं हीसुद्धा हट्टी ठिकाणं आहेत. तिथे रक्तपुरवठा कमी असतो किंवा ताण हाडाला सारखा उघडत राहतो, त्यामुळे हाड लवकर जुळत नाही.

दुखणं लपवण्यामागे भीती असते. प्रबोधिनीत फार दिवस आउटडोअर (मैदानावरचं प्रशिक्षण) बुडलं की कॅडेट रेलिगेट होतो, एक टर्म मागे जातो. रिक्रूटलाही आपली तुकडी सोडून पुढच्या तुकडीबरोबर राहावं लागतं. मग पोरं दुखणं दाबतात आणि मेडिकलवाल्याकडून, नाहीतर मित्राकडून, वेदनाशामक गोळ्या घेतात. गोळी वेदना झाकते, तडा नाही. शिवाय ब्रुफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या हाड भरण्याच्या कामात अडथळा आणतात असा संशय आहे, आणि अमेरिकी सैन्यातल्या नोंदींमध्ये या गोळ्या लिहून दिलेल्यांत स्ट्रेस फ्रॅक्चर जास्त आढळले आहेत. तडा पडण्याआधी, वेळेवर सांगितलं तर दोन आठवडे जातात, लपवलं तर तीन महिने. हा हिशेब पहिल्याच दिवशी तुकडीला फळ्यावर मांडून दाखवायला हवा, आणि जो येऊन सांगतो त्याची चेष्टा होणार नाही एवढी काळजी उस्तादांनी घ्यायला हवी.

काय उपयोगी पडतं, काय नाही

पळण्याआधी स्नायू ताणून धरले की दुखापत टळते असं सगळ्यांना वाटतं. ऑस्ट्रेलियात 1538 रिक्रूट्सवर 12 आठवडे तपासून पाहिलं, निकाल 2000 साली आला: ताणण्याने दुखापतींत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. अंग गरम करायला हळू धाव, गुडघे उचलून चालणं, उड्या हे चांगलं. पण ताणून उभं राहिलं म्हणजे विमा उतरवला असं मानू नये.

पाऊल सपाट की कमानदार हे बघून त्याप्रमाणे बूट वाटायचे, हेही अमेरिकेच्या सैन्यदलांत करून पाहिलं. दुखापती कमी झाल्या नाहीत. बूट मापाचा आणि सोयीचा असणं मात्र फार महत्त्वाचं आहे. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल थोडं फुगलेलं असतं. सैनिकी मोजे घालूनच घ्या. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि टाच वर उचलली जायला नको. नवा बूट पहिल्यांदा लांब चालीत घालू नका, आठवडाभर रोज तासभर घालून मऊ करा. फोड ही छोटी गोष्ट नव्हे. फोड आला की माणूस पाऊल तिरकं टाकतो, आणि चार दिवसांनी गुडघा दुखतो.

इस्रायलच्या सैन्याने या प्रश्नाचा सगळ्यात चिवटपणे पाठपुरावा केला. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत 295 पायदळ रिक्रूट्सपैकी 31 टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर सापडले. पंचवीस वर्षं त्यांनी बूट, आतले सोल, औषधं असं बरंच काही तपासलं. शेवटी सगळ्यात जास्त फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी: रोज किमान सहा तासांची झोप सक्तीची केली आणि चालीचं एकूण अंतर कमी केलं. तड्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. हाड झोपेत भरतं. रात्री दोनला उठवून साफसफाई करून घेणारा हवालदार शिस्त लावत असेलही, पण पहाटेच्या धावेत त्याची किंमत नडगी देते.

त्यांचंच आणखी एक निरीक्षण आपल्या मातीतल्या पोरांच्या कामाचं आहे. भरतीआधी किमान दोन वर्षं बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळलेल्या मुलांना तडे बरेच कमी गेले. नुसतं सरळ पळणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. हाडाला वेगवेगळ्या दिशांनी, थोडा वेळ पण झटक्यात भार हवा असतो. हे खो-खोत आहे, कबड्डीत आहे, व्हॉलीबॉलच्या उड्यांत आहे. भरतीच्या सोळाशे मीटर धावेच्या नादात गावोगावच्या पोरांनी संध्याकाळचा खेळ सोडला, हे हाडांच्या दृष्टीने मोठं नुकसान आहे.

सगळ्यांना एकाच वेगाने पळवणं हीसुद्धा जुनी चूक. ज्याचा दम कमी त्याला त्याच अंतरासाठी जास्त जोर लावावा लागतो, आणि तोच जास्त जखमी होतो. पहिल्या आठवड्यात एक चाचणी धाव घेऊन तीन-चार गट करा आणि अंतराऐवजी वेळेवर पळवा: सगळ्यांना 20 मिनिटं. वेगवान गट 4 किलोमीटर पळेल, हळू गट 3. दणके आपोआप माणसागणिक बेताचे होतात.

उन्हाबद्दल थोडक्यात, कारण तिथे मिनिटं मोजावी लागतात. पळताना कुणी बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर घाम येत असला तरी उष्माघातच समजा. आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं. आधी थंड करा, मग हलवा: बूट-कपडे काढा, बर्फ घातलेल्या पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा. हौद नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी दर दोन मिनिटांनी बदला. गाडीची वाट पाहत सावलीत आडवं ठेवू नका. आणि रगड्यानंतर लघवी चहाच्या रंगाची झाली तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आलेला असतो, तेव्हा थेट दवाखाना.

निवड झाल्यापासून हजर होईपर्यंत

सातारा, सांगली, कोल्हापूर, बीड, बुलढाणा, कुठेही जा, ग्राउंडची तयारी करणारी पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. ग्राउंड निघतं, मेडिकल होतं, यादीत नाव येतं, सत्कार होतात. आणि पळणं बंद. मग बेळगावला, नाशिक रोडला किंवा अहिल्यानगरला हजर व्हायचं पत्र येईपर्यंत आठवडेच्या आठवडे जातात. हाडाने कमावलेलं या काळात उतरायला लागतं, आणि सेंटरवर पोहोचल्यावर पहिल्यापासून उकराउकर सुरू होते. म्हणून हजर होण्याआधीचे 12 आठवडे फार मोलाचे.

आठवड्याला चार दिवस पळा, शक्यतो एका दिवसाआड आणि मातीवर. पहिले दोन आठवडे 15 मिनिटं, गप्पा मारता येतील एवढ्या वेगाने. मग दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवा. दर चौथ्या आठवड्यात वाढ थांबवून थोडं कमी पळा, ती भरणाऱ्या पेशींची सुट्टी. आठव्या आठवड्यानंतर एक दिवस वेगाचा: 400 मीटरचे चार तुकडे, मध्ये चालत विश्रांती. दोन दिवस ताकदीचे: एका पायावर टाच उचलणं 15 वेळा तीन फेऱ्या, बैठका, पुढे पाऊल टाकून वाकणं, कुशीवरचा प्लँक. दोरीच्या उड्या रोज 40-50 पुरेत. एकाच वेळी शेकडो उड्या मारून हाडाला जास्त फायदा होत नाही, काही डझन उड्यांनंतर ते दाद देत नाही. सकाळी थोड्या, संध्याकाळी थोड्या मारा. शेवटच्या चार आठवड्यांत बुटात चालणं सुरू करा, आधी रिकाम्या पाठीने, मग 5 किलो, मग 8.

खाण्यात कॅल्शियम दिवसाला 1000 मिलिग्रॅम हवं. पेलाभर दुधात साधारण 300 मिळतं, 100 ग्रॅम नाचणीत 350च्या आसपास. दोन पेले दूध, एक नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि ताक, झालं. अमेरिकी नौदलाच्या महिला रिक्रूट्सना आठ आठवडे रोज 2000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 800 युनिट ड जीवनसत्त्व दिलं, तेव्हा त्यांचे तडे 20 टक्क्यांनी कमी झाले. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला डोस पूर्ण करा. वजन घटवायला उपाशी राहून पळू नका, कारण जेवण कमी पडलं की शरीर हाडाचं बांधकाम मंदावतं. मुलींची पाळी लांबायला किंवा बंद व्हायला लागली तर ती हाडांची धोक्याची घंटा समजून लगेच दाखवा. तंबाखू आणि सिगारेट दोन्ही सोडा. धूम्रपान करणाऱ्या रिक्रूट्समध्ये दुखापती जास्त होतात हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

तडा भरल्यावर परत कसं पळायचं

दाबल्यावर दुखत नाही, जिना उतरताना दुखत नाही आणि सलग दोन आठवडे रोज अर्धा तास भरभर चालूनही दुखत नाही, या तिन्ही गोष्टी जमल्या की मगच पळा. सुरुवात एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, असे सहा फेरे, एका दिवसाआड. दोन-तीन वेळा विनात्रास झालं की दोन मिनिटं पळणं, तीन चालणं. असं करत सलग 30 मिनिटांपर्यंत यायला पाच-सहा आठवडे लागतात. मधल्या काळात दम टिकवायला सायकल आणि पोहणं आहे. पळताना दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना तीच जागा जाणवली, तर दोन दिवस थांबून एक पायरी मागे या. पिठ्ठू घेऊन चालणं सलग 30 मिनिटांची धाव जमल्यावर. टाच आपटण्याची ड्रिल सगळ्यात शेवटी, आणि पहिला आठवडा साध्या पीटी शूजमध्ये, मातीवर.